अजिंठ्यावरचं नवं पुस्तक घ्यावं का, आणि त्यातलं किती मानावं?

प्रश्न असा आला आहे: "मी शाळेत इतिहास शिकवतो. अजिंठा, पंढरपूर, वारकरी संत यांच्यावर इंग्रजीत सारखी नवी संशोधनाची पुस्तकं येत असतात. किमती परवडत नाहीत. त्यात एका पुस्तकात एक, तर दुसऱ्यात भलतंच. अजिंठ्याची नंतरची लेणी शे-दीडशे वर्षं खोदली जात होती असं मी शिकलो, आणि आता वाचतो की सगळं वीस वर्षांच्या आत झालं. नवं आहे म्हणून खरं मानायचं का? आणि माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करायची?"

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात ३१ वर्षं काम केलं. त्यातली बरीच वर्षं कोणतं पुस्तक मागवायचं आणि कोणतं नाही, हे ठरवण्यात गेली. पैसे मोजकेच असायचे. एक चुकीचं पुस्तक घेतलं की त्या वर्षी दुसरी तीन राहून जायची, त्यामुळे पुस्तक पारखून घ्यायची सवय लागली. तुमचा प्रश्न मला जवळचा वाटला, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी अजिंठ्याचंच बोलू, कारण नवं पुस्तक कसं वाचावं हे शिकायला त्याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तुम्ही वाचलेला वीस वर्षांचा दावा वॉल्टर स्पिंक यांचा. ते अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात कलेचा इतिहास शिकवायचे. त्यांनी उभं आयुष्य अजिंठ्याला दिलं आणि २०१९ साली ते गेले. त्यांचा ग्रंथ हॉलंडच्या ब्रिल या प्रकाशनाने २००५ ते २०१७ या काळात ७ खंडांत काढला. म्हणणं थोडक्यात असं: ९, १०, १२, १३ आणि १५-अ ही जुनी लेणी सोडली तर बाकीचा सगळा अजिंठा वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या दोन-तीन वर्षांत, म्हणजे सुमारे इ. स. ४६२ ते ४८० एवढ्यातच खोदला, रंगवला आणि सोडून दिला गेला. एका खंडात तर त्यांनी कोणत्या वर्षी कोणत्या लेण्यात काय काम चाललं होतं, हे वर्षावर्षाने मांडलं आहे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या खोदकामाचा असा वर्षावर्षाचा हिशेब कोणाला कसा लागेल? मग मी ते खंड घरी नेले, दोन महिने वाचले आणि तिसऱ्या महिन्यात अजिंठ्याला गेलो.

स्पिंक यांचा बराचसा युक्तिवाद भिक्षूंच्या खोल्यांच्या दारांवर उभा आहे. चित्रं बघायला आलेला माणूस त्या खोल्यांत डोकावतसुद्धा नाही. आत काळोख, वटवाघळांचा वास, बसायला एक दगडी ओटा. पण दाराच्या आतल्या बाजूला, वर आणि खाली, बोट घाला. कित्येक खोल्यांना तिथे भोक लागतं. लाकडी दाराचा खुंटा त्यात फिरायचा. काही खोल्यांना असली सोयच नाही. काहींना ती आहे पण ओबडधोबड, मागाहून सुचल्यासारखी. काहींना दार आत उघडून भिंतीला चपखल बसावं म्हणून नीट खाच काढलेली आहे. स्पिंक म्हणतात, कारागीर काम करता करता शिकत गेले, त्यामुळे दारांच्या या प्रकारांवरून कुठली खोली आधीची आणि कुठली नंतरची ते सांगता येतं. पुढचा मुद्दा मला जास्त भावला: दार रोज उघडझाप झालं असेल तर भोकाची कड झिजणार. ती झिजलेली नसेल, तर त्या खोलीत कोणी फार दिवस राहिलेलंच नाही. मी एका लेण्यात पाच-सहा खोल्यांतून बोट फिरवून पाहिलं. एका भोकाची कड गुळगुळीत होती, शेजारच्या खोलीतली मात्र छिन्नीच्या खुणांसकट खरखरीत. पुस्तकातलं एक वाक्य त्या दिवशी माझ्या बोटाला कळलं, आणि वीस वर्षांच्या कल्पनेला हसायचं मी बंद केलं.

पण म्हणून सगळंच मान्य करून बसलो नाही, तुम्हीही बसू नका. दारांवरून काय कळतं? आधी काय आणि नंतर काय, हा क्रम कळतो. काम मध्येच थांबलं, हेही कळतं. ४६२ हे साल त्या भोकात लिहिलेलं नाही. साल आणायचं तर बाहेरचा आधार लागतो, आणि इथेच नव्या पुस्तकाकडे डोळे उघडे ठेवून बघायचं असतं.

बाहेरचा आधार कसा असतो ते बघा. मध्य प्रदेशात बडवानीला सुबंधू नावाच्या राजाचा ताम्रपट मिळालेला आहे. त्यावर वर्ष १६७ असा आकडा आहे, पण कोणत्या संवताचं वर्ष ते लिहिलेलं नाही. प्राचीन लेखांचे मोठे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी ते कलचुरी संवताचं धरलं, म्हणजे इ. स. ४१७. तेच गुप्त संवताचं धरलं तर येतं ४८६. एकाच आकड्यात सत्तर वर्षांचा फरक! १९८२ साली मध्य प्रदेशातल्याच बाघच्या लेण्यांजवळ २७ ताम्रपटांचा साठा सापडला आणि गुप्त संवताचं पारडं जड झालं. स्पिंक ४८६ धरतात. हा सुबंधू त्या भागात स्वतःच्या नावाने दानं देतोय, म्हणजे तोवर तिथली वाकाटकांची सत्ता संपलेली असणार, असा त्यांचा तर्क. तर्क चांगला आहे. पण तो एका ताम्रपटावरून दुसऱ्या प्रदेशातल्या लेण्यांपर्यंत उडी मारतो, हे वाचताना ध्यानात ठेवायचं.

दुसरा आधार तर साहित्याचा. दंडी या संस्कृत लेखकाच्या 'दशकुमारचरिता'त विश्रुताची गोष्ट आहे. विदर्भाचा गुणी राजा पुण्यवर्मा मरतो, त्याचा ऐषारामी मुलगा अनंतवर्मा गादीवर येतो, शेजारचा अश्मकाचा राजा कारस्थान करून त्याला बुडवतो. या गोष्टीत वाकाटकांच्या अस्ताची आठवण आहे, हे मिराशींनी दाखवलं आणि पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण असं सुचवलं. स्पिंक यांनी ते उचललं आणि त्यावर मोठी इमारत बांधली. शेवटच्या खंडाच्या नावातच बाघ, दंडी आणि खोल्यांची दारं असे तिन्ही शब्द आहेत. पण दंडी हरिषेणानंतर दोनशे वर्षांनी झाला, आणि लिहीत होता ती कथा. माझ्या मते दारांचा पुरावा पक्का, ताम्रपटाचा बराच बरा आणि दंडीचा जोडीला ठेवण्यापुरता. स्पिंक यांच्या मांडणीत मात्र हे तिन्ही धागे असे एकत्र पीळ दिलेले आहेत की कोणता किती जाड आहे ते चटकन दिसत नाही.

आणखी एक. १ नंबरचं लेणं, जिथे तो बोधिसत्त्व पद्मपाणी रंगवलेला आहे, ते खुद्द हरिषेणाने करवून घेतलं असं स्पिंक सांगतात. किती ठामपणे! पण त्या लेण्यात हरिषेणाचं नाव कुठेही कोरलेलं नाही. लेण्याची भव्यता, चित्रांतला राजेशाही थाट, गाभाऱ्यात दिव्याची काजळी दिसत नाही म्हणजे तिथे पूजा सुरूच झाली नसावी, असे धागे जुळवून त्यांनी तो निष्कर्ष काढला आहे. मला तो पटण्याजोगा वाटतो. पण वर्गात सांगताना "असं एका अभ्यासकाचं मत आहे" एवढंच सांगा. १६ नंबरचं लेणं हरिषेणाचा सचिव वराहदेव याने दिलं, हे मात्र बिनधास्त सांगा, कारण ते भिंतीवर लिहिलेलं आहे. २६ नंबरचं बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने अश्मकाच्या मंत्र्याच्या, भव्विराजाच्या, स्मरणार्थ करवलं, हेही लिहिलेलं आहे.

आता "भिंतीवर लिहिलेलं आहे" म्हटलं की वाद संपला असं वाटतं. तसंही नसतं. ही गोष्ट मी ग्रंथालयात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगायचो.

१६ नंबरच्या लेण्याबाहेर डाव्या हाताला वराहदेवाचा लेख आहे. त्यात विंध्यशक्तीपासून हरिषेणापर्यंत वाकाटक राजांची वंशावळ दिली आहे. दगडाला पाणी लागून अक्षरं झिजलेली. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अजिंठ्याचे लेख वाचायला घेतले, मग भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी ते पुन्हा वाचले. पुसट झालेल्या जागी त्यांनी तेव्हा माहीत असलेल्या वाकाटक राजांची, म्हणजे थोरल्या शाखेतली नावं वाचली. दुसरी शाखा आहे हेच कोणाला माहीत नव्हतं, तर ती नावं सुचणार कशी? मग वाशिमला एक ताम्रपट मिळाला. वत्सगुल्माहून, म्हणजे वाशिमहूनच दिलेला, विंध्यशक्ती (दुसरा) नावाच्या राजाचा, काही भाग संस्कृत आणि काही प्राकृत. यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि डी. बी. महाजन यांनी तो १९३९ साली उजेडात आणला. वाकाटकांची वाशिमची वेगळी शाखा होती, तिचा मूळ पुरुष सर्वसेन, हे त्यातून कळलं. मिराशी ती माहिती घेऊन १६ नंबरच्या लेखाकडे परत गेले आणि त्यांना त्याच झिजलेल्या अक्षरांत सर्वसेन आणि विंध्यसेन दिसले. जिथे आधी पृथिवीषेण वाचलं जात होतं, तिथे विंध्यसेन! भिंत तीच, अक्षरं तीच. वाशिमच्या एका पत्र्याने अजिंठ्याच्या राजवंशाची ओळ बदलली.

म्हणून जुन्या पुस्तकात एक आणि नव्यात दुसरं दिसलं की गोंधळून जाऊ नका. मध्ये काय सापडलं, ते शोधा. नव्या पुस्तकाच्या हाती नवा ताम्रपट, नवी हस्तलिखितं, नवं मोजमाप असं काही लागलं असेल तर ते पुस्तक लक्ष देऊन वाचावं. हाती जुनंच सगळं आणि फक्त शब्द नवे असतील, तर ग्रंथालयात बसून चाळलं तरी पुरे. हरिषेणाचा काळ मिराशींनी सुमारे ४७५ ते ५०० धरला होता. स्पिंक त्याला आधी ओढतात. हान्स बाकर यांनी १९९७ साली वाकाटकांवर लिहिलं, तेही वाचण्यासारखं आहे. तिघांचा कच्चा माल बराचसा एकच आहे, हे कळलं की त्यांच्यातला वाद कशावर आहे ते समजायला लागतं.

आता पुस्तक हातात आल्यावर मी काय करायचो, ते सांगतो.

पहिल्यांदा ऋणनिर्देश वाचायचो. लोक ती पानं सोडून देतात. मला त्यात लेखक कुठे कुठे गेला, कोणाकडे भाषा शिकला, कोणत्या गावी किती दिवस राहिला, कोणत्या दप्तरात बसला, ते सगळं सापडायचं. पंढरपूरवरच्या पुस्तकात पंढरपूरच्या कोणाचेच आभार नसतील तर माझ्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकायची.

मग मागची संदर्भसूची. त्यात मराठी नावं किती आहेत ते बघा. पण नुसत्या सूचीवर भुलू नका. सूचीत तुळपुळे, ढेरे, कोलते असे मराठीतले मोठे अभ्यासक असतात, आणि आतल्या टिपांत त्यांचं एक पानही उद्धृत केलेलं नसतं. चार-पाच टिपा काढून बघा. पानाचा क्रमांक दिला असेल आणि त्या पानावर खरंच ते असेल, तर लेखकाने मराठी वाचलं आहे. मी हे प्रत्यक्ष ताडून बघायचो. वीस मिनिटांचं काम असतं.

मग शब्दसूची. कशाला किती पानं दिली आहेत, ते तिथे उघडं पडतं. पंढरपूरच्या देवळावरच्या पुस्तकात गुरव, बडवे, कोळी, डांगे, उत्पात ही सेवेकऱ्यांची नावं शब्दसूचीत नसतील, तर लेखकाने देऊळ बघितलं, देवळातली माणसं बघितली नाहीत.

कलेवरच्या पुस्तकांत एक गोष्ट खास तपासा: चित्रं उलटी छापलेली नाहीत ना? हसू नका, हे होतं. आमच्याकडे एकदा अजिंठ्यावरचं जाड, महागडं, गुळगुळीत कागदाचं पुस्तक आलं. पद्मपाणीचं पानभर चित्र. काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. मग ध्यानात आलं की निळं कमळ त्याच्या डाव्या हातात आहे. लेण्यात ते उजव्या हातात आहे, म्हणजे आपण समोर उभे राहिलो की आपल्या डाव्या बाजूला. छापताना फिल्म उलटी लागली होती, आणि लेखकाने खाली मान कुठे झुकली आहे, नजर कुठे लागली आहे याचं वर्णनही त्या उलट्या चित्रावरूनच केलं होतं. आम्ही त्या पानावर एक चिठ्ठी डकवली. ती अजून तिथे असेल. तेव्हापासून मूर्तींच्या छायाचित्रांत मी आधी हात बघतो. बुद्धाची भूमिस्पर्श मुद्रा डाव्या हाताची दिसली, की पुस्तक खाली ठेवायचं.

जुन्या चित्रांच्या पुस्तकांनाही मोडीत काढू नका. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अजिंठ्यात बसून तैलरंगात केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ साली बहुतेक जळाल्या. पुढे जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून केलेल्या नकलांपैकीही पुष्कळशा १८८५ च्या आगीत गेल्या. जे उरलं त्यातून १८९६-९७ साली त्यांचे दोन खंड निघाले. त्यांतल्या काही आकृती आज भिंतीवर राहिलेल्या नाहीत, रंगाचा पापुद्रा गळून गेलेला आहे. त्या आकृतींपुरतं जुनं पुस्तक हाच पुरावा. स्वस्तात नवीन छापील प्रत मिळाली नाही तरी हे खंड स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, आणि वर्गात पडद्यावर दाखवता येतात.

धर्माकडे येतो, कारण तुम्ही पंढरपूर विचारलंत.

इथे मराठी वाचकाला एक फायदा आहे, आणि तो आपण वापरत नाही. 'द राइज ऑफ अ फोक गॉड' हे विठ्ठलावरचं इंग्रजी पुस्तक २०११ साली ऑक्सफर्डने काढलं. आमच्याकडे त्याची विचारणा सुरू झाली. एक तरुण संशोधक तर म्हणाला, "सर, विठ्ठलावर एकदम नवीन काम आलंय." मी त्याला कपाटातून रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' काढून दिलं. १९८४ चं. ते इंग्रजी पुस्तक म्हणजे याच ग्रंथाचा अॅन फेल्डहाउस यांनी केलेला अनुवाद. अनुवाद उत्तम आहे, फेल्डहाउस यांच्याइतकं जुनं मराठी येणारी माणसं आपल्याकडेही कमी. पण मराठी वाचकाने ढेऱ्यांचं मूळ मराठी सोडून महागडी इंग्रजी प्रत कशाला घ्यायची? म्हणून नवं इंग्रजी पुस्तक दिसलं की पहिल्या पानामागे मूळ भाषा आणि साल बघायची सवय लावा.

ढेऱ्यांचं म्हणणं असं की विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव, विठ्ठल-बिरोबा या जोडीतला, आणि पुढे त्याचं वैष्णवीकरण झालं. हे लिहिताना त्यांच्यासमोर गुंथर सोंथायमर यांचं काम होतं. हा जर्मन माणूस धनगरांच्या वाड्यावस्त्यांवर फिरला, त्यांच्या ओव्या त्याने टेपवर घेतल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचं त्याचं पुस्तक १९७६ साली जर्मनमध्ये निघालं. परदेशी माणसाने आपल्या देवांवर काय लिहायचं, असं म्हणणारे मला नेहमी भेटायचे. त्यांना मी सोंथायमर वाचायला द्यायचो. बाहेरचं म्हणून डोक्यावर घेणारेही भेटायचे. त्यांना ढेरे द्यायचो. ढेऱ्यांचंही सगळं मान्य झालेलं नाही. माढ्याची मूर्तीच मूळ विठ्ठलमूर्ती, या त्यांच्या मताने केवढा गदारोळ झाला! तेही तुमच्या मुलांना सांगा. वाद झाला म्हणून ग्रंथाची किंमत कमी होत नाही.

पंढरपूरवरच्या कोणत्याही पुस्तकाला मी एक छोटी परीक्षा लावतो: चौऱ्यांशीच्या शिलालेखाचं त्याने काय केलं आहे? देवळातला तो दगड तुम्ही पाहिला असेल. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, या श्रद्धेने वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासल्या आणि अक्षरं झिजली. आत आहे ती विठ्ठलाच्या देवळाला दान देणाऱ्यांची यादी, रामदेवराव यादव आणि हेमाद्री पंडित यांच्यासकट. ज्ञानेश्वरांच्या काळात हे देऊळ कोण चालवत होतं, पैसा कुठून येत होता, हे सांगणारा एवढा जवळचा कागद दुसरा नाही. शं. गो. तुळपुळे यांनी 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या १९६३ च्या ग्रंथात तो पाठासह दिला आहे. नवं पुस्तक या लेखाला एका वाक्यात गुंडाळत असेल, तर तेराव्या शतकाबद्दल ते काय नवीन सांगणार? आणि झिजलेला दगड म्हणून त्या श्रद्धेला नावं ठेवणारं पुस्तक असेल, तर त्याला वारी कळलेली नाही. मजकूर तिथला, आणि पाठींची झीजही तिथलीच.

अलीकडच्यांपैकी दोन नावं सुचवतो. ख्रिश्चन नोवेट्झके यांचं 'द क्वोटिडियन रेव्होल्यूशन' (२०१६). यादवकाळात मराठी ग्रंथभाषा कशी झाली, हे ते लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी यांच्या आधारे मांडतात. रोजच्या बोलण्या-वागण्यातून, स्त्री-शूद्रांना कळावं या आग्रहातून हा बदल आला, असा त्यांचा सूर आहे. पुस्तक अवघड आहे, वाक्यं लांबलचक आहेत, पण लीळाचरित्रातल्या लीळा त्यांनी बारकाईने वाचल्या आहेत. तुम्ही मात्र लीळा मुळातून वाचा. नोवेट्झके ज्यावर दोन पानं लिहितात ती लीळा कधीकधी चार ओळींची असते, आणि त्या चार ओळींत चक्रधरांचा आवाज असतो.

दुसरं जॉन क्यून यांचं 'शेअर्ड डिव्होशन, शेअर्ड फूड' (२०२१). माझ्या अंदाजाने तुमच्या वर्गात हे सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. एकनाथ महाराजांनी महाराच्या घरी जेवण घेतलं, श्राद्धाचं अन्न महारांना वाढलं, या गोष्टी आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. क्यून विचारतात, या गोष्टी कोणी, केव्हा, कशा सांगितल्या? महिपतींनी 'भक्तविजया'त १७६२ साली आणि 'भक्तलीलामृता'त १७७४ साली, पुढे नाटककारांनी, मग १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त, ज्यात एकनाथ झाले होते बालगंधर्व. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी सरकते. कुठे चमत्कार पुढे येतो आणि जेवण मागे जातं, कुठे जेवणच मुख्य होतं. भक्तीने जात मोडली का, या प्रश्नाचं सरळ हो किंवा नाही असं उत्तर ते देत नाहीत. एकत्र जेवणं या एका कृतीवर बोट ठेवून आपला समाज दोनशे-अडीचशे वर्षं त्या प्रश्नाशी कसा झगडत आला, ते दाखवतात. आठवी-नववीच्या मुलांना भक्तलीलामृतातला तो प्रसंग वाचून दाखवा, मग चित्रपटातला दाखवा, आणि फरक विचारा. इतिहासाचं साधन कसं वाचायचं याचा असा धडा पाठ्यपुस्तकात नाही.

निजामशाहीकडे आपण मराठी माणसं फार दुर्लक्ष करतो, म्हणून जाता जाता एक: पुष्कर सोहोनी यांचं अहमदनगरच्या निजामशाही वास्तूंवरचं पुस्तक (२०१८). नगरचा फराहबाग तुम्ही पाहिला नसेल तर पुस्तकाआधी तो पाहून या.

पैशाचं म्हणाल, तर यातलं एकही पुस्तक लगेच विकत घेऊ नका. परदेशी प्रकाशनाची पहिली पुठ्ठाबांधणीची आवृत्ती ग्रंथालयांसाठीच असते, तिची किंमतही तशीच. दोन-तीन वर्षांत बरेचदा कागदी बांधणीची किंवा भारतीय आवृत्ती निघते. तोवर नियतकालिकांतून परीक्षणंही येतात, ती आधी वाचा. पुण्यात भांडारकर संस्था, डेक्कन कॉलेज, भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबईत एशियाटिक सोसायटी, ही ग्रंथालयं आहेत. सुट्टीत दोन दिवस काढून या. येण्याआधी पत्र किंवा ईमेल करून पुस्तकाचं नाव कळवलंत तर बरं. ग्रंथपालाला नेमकं नाव दिलं की तो तुमच्यासाठी धावतो, हे मी स्वतःवरून सांगतो. आणि एक पुस्तक मात्र शाळेला मागवायला लावा: तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, १९९९ चा. तो हाताशी असला की चौऱ्यांशीचा लेख काय किंवा लीळाचरित्र काय, तुम्हाला कोणाच्या अनुवादावर विसंबून राहावं लागणार नाही.

अजिंठ्यासाठी क्रम सांगतो. आधी मिराशींचं मराठी 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल'. मग त्यांनीच संपादित केलेला वाकाटक लेखांचा १९६३ चा इंग्रजी खंड, त्यातले १६ आणि १७ नंबरच्या लेण्यांचे लेख तेवढे. त्यानंतर स्पिंक यांचा पाचवा खंड, ज्यात एकेक लेणं घेतलेलं आहे. ग्रंथालयात बसून तुमच्या चार-पाच लेण्यांवरची टिपणं वहीत काढा. मुलांना न्यायचं असेल तर सोमवार सोडून, सोमवारी अजिंठा बंद असतो. चित्रांवर फ्लॅश मारू देऊ नका. १ नंबरला गर्दी असते, म्हणून सरळ पुढे जाऊन १६ नंबरच्या ओसरीबाहेर डाव्या हाताला आधी थांबा आणि वराहदेवाचा लेख दाखवा. मग तिथल्याच एखाद्या मोकळ्या खोलीत दोघा-तिघांना घेऊन जा, आणि दाराच्या खालच्या भोकात त्यांना बोट फिरवून बघायला सांगा.